हाँगकाँगच्या वस्त्या आणि बेटे : पाहणाऱ्यांची की राहणाऱ्यांची?

उत्साही : हाँगकाँगची ओळख बहुतेकांना बंदराकाठच्या उंच इमारतींच्या रांगेवरून असते. शहराचे खरे स्वरूप मात्र त्या रांगेमागच्या गल्ल्यांत आणि समुद्रापलीकडच्या बेटांवर आहे. सुमारे १,१०० चौरस किलोमीटरच्या या प्रदेशात २६० हून अधिक बेटे आहेत आणि पाऊण कोटीच्या आसपास लोक राहतात. तरीही बांधकाम झालेली जमीन एकूण जमिनीच्या जेमतेम चौथा हिस्सा भरते; सुमारे ४० टक्के जमीन संरक्षित उद्यानांखाली आहे. डोंगर थेट समुद्रात उतरत असल्याने सपाट जागा कमी. म्हणून वस्त्या अरुंद पट्ट्यांत दाटल्या, आणि एका पट्ट्यातून दुसऱ्यात जाताना मध्ये डोंगर तरी येतो नाहीतर पाणी तरी. भूगोलावर इतिहासाचाही थर चढला. ब्रिटिशांनी हाँगकाँग बेट १८४२ मध्ये तहाने घेतले, कौलून द्वीपकल्प १८६० मध्ये, आणि उत्तरेकडचा मुलूख व भोवतालची बेटे १८९८ मध्ये ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने. तिन्ही भाग वेगवेगळ्या अटींवर ताब्यात आले. भाडेपट्ट्याच्या मुलखात गावांच्या जमिनीबाबतच्या चिनी रूढी बऱ्याच अंशी कायम राहिल्या. त्यामुळे थोड्याशा प्रवासात बाजारपेठ, कामगारवस्ती, कोळीवाडा आणि ओस पडलेले गाव अशी चार जगे भेटतात. असे शहर एका दृश्यात मावत नाही. ते वस्तीवस्तीने आणि बेटाबेटाने पाहावे लागते.

साशंक : वस्त्या वेगवेगळ्या आहेत हे खरे, पण त्या वेगळ्या कशा झाल्या हे कळले की त्यांच्याकडे नुसत्या कौतुकाने पाहणे अवघड होते. शेउंग वानमधला ताय पिंग शान हा भाग आज जुन्या वस्तूंची दुकाने, चित्रदालने आणि कॉफीची छोटी उपाहारगृहे यांसाठी दाखवला जातो. ब्रिटिशांनी २६ जानेवारी १८४१ रोजी झेंडा रोवला ती जागा इथून जवळच आहे. त्यानंतर काही वर्षांतच खालची मोक्याची जमीन युरोपीय व्यापाराला हवी म्हणून चिनी रहिवाशांना या चढावर हलवण्यात आले. घरांना घरे चिकटली, खोल्यांत फळ्या ठोकून आणखी खोल्या झाल्या, पाणी आणि गटारे अपुरीच राहिली. मे १८९४ मध्ये प्लेग आला तेव्हा सर्वांत मोठा तडाखा याच वस्तीला बसला. त्या वर्षी शहरात सुमारे अडीच हजार माणसे दगावली. सरकारने वस्तीचा मोठा भाग ताब्यात घेऊन शेकडो घरे पाडली. तिथे आज ब्लेक गार्डन ही बाग आहे. पुढे १९०४ मध्ये व्हिक्टोरिया पीकचा थंड हवेचा माथा कायद्याने चिनी रहिवाशांना बंद झाला, नोकरचाकर तेवढे वगळून, आणि ती बंदी १९४६ पर्यंत टिकली. माथ्यावर हवेशीर वस्ती आणि खाली दाटी, हे वेगळेपण कोणी आवडीने घडवलेले नाही. ते लादलेले आहे. फिरायला आलेला माणूस त्या लादलेपणालाच वस्तीचे व्यक्तिमत्त्व समजतो.

उत्साही : लादलेल्या परिस्थितीत लोकांनी काय उभे केले हेही त्याच गल्ल्यांत दिसते. मरणासन्न गरिबांना आणून ठेवत असत ते क्वाँग फुक देवस्थान आजही तिथे आहे. तिथली हालत चव्हाट्यावर आल्यावर चिनी व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने १८७० मध्ये तुंग वाह रुग्णालयाची स्थापना झाली. हॉलीवूड रोडवरच्या मान मो मंदिरात पूजेबरोबर शपथेवर तंटेही मिटवले जात. परक्यांच्या न्यायालयावर विश्वास नसलेल्या समाजाने स्वतःची व्यवस्था तिथे चालवली. प्लेगचा जंतू जून १८९४ मध्ये अलेक्सांद्र येर्सिन आणि कितासातो शिबासाबुरो यांनी याच शहरात शोधला. प्लेगनंतर १९०६ मध्ये बांधलेल्या जंतुशास्त्रीय संस्थेच्या इमारतीत आता वैद्यकशास्त्राचे संग्रहालय आहे. मराठी वाचकाला तर ही गल्ली फार जवळची वाटायला हवी. तीच साथ १८९६ मध्ये मुंबईत मांडवीला पोहोचली, ती हाँगकाँगहून जहाजांबरोबर आली असे मानले जाते. गोऱ्या सैनिकांनी घरोघर शिरून केलेली तपासणी, सक्तीचे विलगीकरण, लोकांचा संताप आणि शहर सोडून पळ, हे सारे ताय पिंग शानमध्ये आधी घडले. नंतर पुण्यातही ते घडले आणि त्याचा शेवट २२ जून १८९७ रोजी प्लेग अधिकारी रँडवर झडलेल्या गोळ्यांत झाला. मुंबईत १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दाट वस्त्या पाडून रस्ते काढण्याचा तोच मार्ग इथेही अवलंबला गेला. दोन शहरांचा हा जोडइतिहास पुस्तकातही वाचता येतो. पण त्या चढाचा दम लागल्याशिवाय, माथा आणि पायथा यांतले अंतर पायांनी मोजल्याशिवाय, हवा आणि पाणी यांवरून माणसांची वाटणी कशी झाली हे पुरते उमगत नाही.

साशंक : सव्वाशे वर्षांपूर्वीचे दुःख पाहणे सोपे असते; ज्यांचे ते होते ते आता हयात नाहीत. अडचण येते ती आजच्या दुःखापाशी. कौलूनमधली शाम शुई पो ही शहरातल्या सर्वांत गरीब वस्त्यांपैकी एक. जुन्या इमारतींतली एकेक सदनिका फळ्यांनी आणि भिंतींनी तोडून तिच्यात तीन-चार कुटुंबे राहतात. अशा तोडलेल्या घरांत साऱ्या हाँगकाँगमध्ये दोन लाखांहून अधिक लोक राहतात. संडास आणि चूल एकाच कोपऱ्यात, खिडकी असलीच तर समोरच्या भिंतीकडे उघडणारी, आणि चौरस फुटामागचे भाडे चांगल्या घरांच्या तोडीचे किंवा त्याहूनही जास्त. या वस्तीला ‘अस्सल’, ‘जिवंत’ अशी विशेषणे लावली जातात. रस्त्यावर गजबज आहे, कारण घरात बसायला जागा नाही. पदपथावर माणसे रात्रीपर्यंत रेंगाळतात, कारण उन्हाळ्यात खोली तापलेली असते. बघणाऱ्याला जे चैतन्य वाटते ते पुष्कळदा जागेच्या टंचाईचे बाहेर आलेले रूप असते. ते पाहून सुखावणे हा अज्ञानाचा भाग झाला. समजूनही सुखावणे हा त्याहून वाईट.

उत्साही : टंचाई हे गजबजीचे एक कारण आहे, एकमेव नाही. शाम शुई पो हा एक बाजार म्हणूनही बांधला गेला आहे. आपलिऊ स्ट्रीटवर विजेची आणि इलेक्ट्रॉनिक सामानाची दुकाने आणि टपऱ्या, यू चाऊ स्ट्रीटवर मणी आणि बटणे, की लुंग स्ट्रीटवर कापड, ताय नान स्ट्रीटवर चामडे : एका मालाची एक गल्ली. दुसऱ्या महायुद्धानंतर मुख्य भूमीतून निर्वासित आले, त्यांच्याबरोबर भांडवल आणि कारागिरीही आली, आणि हाँगकाँग कापड-कपड्यांच्या उद्योगाचे मोठे केंद्र बनले. त्या उद्योगाला लागणाऱ्या किरकोळ मालाची ही मंडई. कारखाने नंतर सीमेपलीकडे गेले तरी शिंपी, रचनाकार आणि दुरुस्ती करणारे इथेच खरेदी करतात. इथेच शहराच्या सरकारी घरांचीही सुरुवात झाली. शेक किप मेई इथल्या झोपड्यांना २५ डिसेंबर १९५३ च्या रात्री आग लागली आणि सुमारे ५३ हजार माणसे उघड्यावर आली. त्यांच्यासाठी १९५४ पासून रोमन ‘एच’ आकाराच्या इमारती उभ्या राहिल्या. सुमारे १२० चौरस फुटांची खोली एका कुटुंबाला, नळ आणि शौचालये सामायिक. गिरणगावातल्या चाळी ज्यांना ठाऊक आहेत त्यांना हा आराखडा नवा वाटणार नाही. त्या पायावर उभी राहिलेली व्यवस्था आज जवळजवळ निम्म्या लोकसंख्येला भाड्याचे किंवा अनुदानित घर देते. त्याच परिसरात पुनर्वसनाच्या इमारतींसाठी टेकडी सपाट करताना १९५५ मध्ये लेई चेंग उक इथे हान काळातली विटांची कबर सापडली. सुमारे दोन हजार वर्षांचा वावर आणि एका रात्रीचे बेघरपण एकमेकांशेजारी असलेली ही वस्ती केवळ करुणेच्या नजरेने पाहिली तर तिचा अर्धा भाग दिसेनासा होतो.

साशंक : तो दिसणारा अर्धा भागही पाहणाऱ्यांच्या सोयीने बदलतो आहे. त्या ‘एच’ आकाराच्या इमारतींपैकी मेई हो हाऊस ही एक जपली गेली, आणि २०१३ पासून ते पर्यटकांसाठी वसतिगृह आहे. तिथे छोटे संग्रहालय आहे, जुन्या खोल्यांच्या प्रतिकृती आहेत. पण बेघरांसाठी बांधलेल्या इमारतीत आता पाहुणे उतरतात. ताय नान स्ट्रीटवर चामड्याच्या दुकानांशेजारी कॉफीची उपाहारगृहे आली आणि त्यांच्यामागून भाडेही चढते. येन चाऊ स्ट्रीटवर १९७० च्या दशकापासून चाललेला पत्र्यांखालचा कापडबाजार २०२३ मध्ये दुसरीकडे हलवला गेला. वान चायमधली ली तुंग स्ट्रीट तर लग्नपत्रिकांच्या छापखान्यांसाठी प्रसिद्ध होती. सारे शहर तिथे पत्रिका छापायला येई. शहर-नूतनीकरण प्राधिकरणाने ती पुनर्विकासाला घेतली. रहिवाशांनी आणि दुकानदारांनी स्वतः पर्यायी आराखडा तयार केला. तो नाकारला गेला आणि २००७ च्या अखेरीस गल्ली जमीनदोस्त होऊ लागली. आज तिथे महाग सदनिका आहेत आणि त्यांच्या पायथ्याशी नटवलेला खरेदीचा मार्ग. नाव जवळपास जुनेच ठेवले आहे, आणि लग्न हा विषय सजावटीत वापरला आहे. गल्लीची प्रसिद्धी टिकली, छापखाने गेले. वेगळ्या वस्त्यांचा गाजावाजा वाढला की हाच क्रम घडतो : आधी ओळख, मग दर, मग जुन्यांचे जाणे.

उत्साही : हा क्रम अटळ नाही, याचा पुरावा ली तुंग स्ट्रीटपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. वान चायमधलेच ‘निळे घर’ हे १९२० च्या दशकात बांधलेले चार मजली भाड्याचे घर. लाकडी जिने, रस्त्यावर झुकणारे सज्जे, शौचालयाची सोय नाही. निळा रंगही योजून दिलेला नव्हता. पाणीपुरवठा खात्याकडे तोच शिल्लक होता, असे सांगतात. या घराचेही आधी रहिवाशांना हलवून जतन करायचे ठरत होते. रहिवासी आणि स्थानिक समाजसंस्था यांनी मागणी लावून धरली की घर राखायचे तर माणसेही राखायची. अखेर ज्यांना राहायचे होते ती कुटुंबे राहिली, इमारत दुरुस्त झाली, शौचालये आली, आणि २०१७ मध्ये आशिया-पॅसिफिकमधील वारसा संवर्धनासाठीचा युनेस्कोचा सर्वोच्च पुरस्कार तिला मिळाला. हे घडायला लोकांचे लक्ष कारणीभूत होते. सेंट्रलमधला स्टार फेरीचा जुना धक्का डिसेंबर २००६ मध्ये पाडला गेला आणि पुढे क्वीन्स पिअरही. तेव्हा तरुणांनी तिथे ठाण मांडले. धक्के वाचले नाहीत, पण वारशाच्या प्रश्नावर सरकारला धोरण आखावे लागले. ज्या शहरातली माणसे स्वतःच्या गल्ल्या हिंडत नाहीत, त्यांना गल्ली जाताना कळतही नाही. निळ्या घरासाठी जे उभे राहिले ते आधी त्या गल्लीत आलेले होते.

साशंक : निळे घर हा अपवाद आहे, आणि अपवाद का झाला हे सांगणे आवश्यक आहे. ती मालमत्ता बहुतांशी सरकारच्या हातात होती, इमारत वारसा म्हणून नोंदली गेली होती आणि कुटुंबे मूठभर होती. हाँगकाँगमध्ये जवळजवळ सर्व जमीन सरकारची. ती ठरावीक मुदतीच्या पट्ट्याने लिलावात जाते. कर कमी ठेवून सरकारी तिजोरीचा मोठा भाग या जमिनीच्या दरावर चालत आला. अशा रचनेत जमीन महाग राहणे हे सरकारच्याही हिताचे ठरते, आणि खालची चार मजली घरे म्हणजे वाया गेलेली उंची. वस्तीबद्दलच्या आपुलकीने हे गणित बदलत नाही. बेटांबद्दलही तेच. तिथे मोटारी नाहीत, घरे बुटकी आहेत, हवा मोकळी आहे, असे वर्णन केले जाते. त्या शांततेला शहराने दुसरी कामे नेमून दिली आहेत. हे लिंग चाऊ बेटावर कुष्ठरोग्यांचे रुग्णालय होते. ते बंद झाल्यावर तिथे तुरुंग आणि व्यसनींसाठी सक्तीचे उपचारकेंद्र आले. शेक क्वू चाऊ बेट १९६० च्या दशकापासून व्यसनमुक्तीसाठी राखलेले. त्याला लागून समुद्रात भराव घालून दररोज ३,००० टन कचरा जाळण्याचा प्रकल्प उभारला गेला. लाम्माच्या किनाऱ्यावर १९८० च्या दशकापासून वीजकेंद्राच्या तीन उंच चिमण्या आहेत. हाँगकाँग बेटाचे दिवे तिथल्या विजेवर लागतात. शहराला जे नजरेआड हवे ते बेटांवर जाते.

उत्साही : लाम्माला जाणाऱ्या बोटीतून त्या चिमण्या पहिल्यांदा दिसतात आणि नंतर गावातल्या पायवाटा, मत्स्यतराफे आणि डोंगर. म्हणजे बेटावर जाणाऱ्यालाच शहराच्या दिव्यांची किंमत दिसते. जो जात नाही त्याला ती कधीच दिसत नाही. शिवाय पाणी ओलांडणे हाच या शहराचा पाया आहे. स्टार फेरी सुरू करणारा दोराबजी नौरोजी मिठाईवाला हा मुंबईहून गेलेला पारशी. त्याने १८८८ मध्ये कौलून फेरी कंपनी काढली, तिचे नाव १८९८ मध्ये स्टार फेरी झाले. बेटांनाही स्वतःचे समाजजीवन आहे. चेउंग चाऊ जेमतेम अडीच चौरस किलोमीटरचे, सुमारे वीस हजार वस्तीचे. तिथल्या पाक ताय मंदिराची स्थापना १७८३ मधली, म्हणजे ब्रिटिश येण्याच्या कितीतरी आधीची. चौथ्या चांद्र महिन्यात तिथे ताय पिंग चिंग चिऊ हा उत्सव भरतो. साथीच्या रोगातून बेट वाचावे म्हणून देवाला केलेला हा नवस, अशी परंपरा सांगितली जाते. उत्सवात बेटावर मांसाहार बंद असतो, लहान मुलांना उंच आधारांवर उभे करून मिरवणूक निघते आणि वाफवलेल्या पावांचे मनोरे रचले जातात. ताय पिंग शानच्या चढावर साथीने घरे पाडली. चेउंग चाऊवर साथीच्या आठवणीने गाव दरवर्षी एकत्र येते. हाँगकाँगला ऑलिंपिकमधले पहिले सुवर्णपदक १९९६ मध्ये मिळवून देणारी शिडाच्या फळीवरची खेळाडू ली लाय-शानही याच बेटाची. शहराने टाकलेल्यांची जागा एवढेच या बेटाचे वर्णन पुरे होत नाही.

साशंक : त्याच उत्सवात पाहुण्यांमुळे काय बदलते तेही दिसते. पूर्वी मध्यरात्री गावातली तरुण मुले मनोऱ्यांवर चढून पाव लुटत. १९७८ मध्ये मनोरा कोसळला, माणसे जखमी झाली आणि चढाई बंद पडली. २००५ मध्ये ती परत आली ती शर्यत म्हणून : पोलादी सांगाडा, दोर, आधी प्रशिक्षण आणि निवड. पुढे शर्यतीच्या मनोऱ्यावर खऱ्या पावांऐवजी प्लॅस्टिकचे पाव आले. सुरक्षिततेला कोणाचा विरोध असू नये. पण नवस आणि कार्यक्रम यांत फरक आहे, आणि हजारो पाहुणे बोटीतून उतरतात ते कार्यक्रमासाठी. बेटांच्या इतिहासातही कोण राहू शकतो हा प्रश्न सुटलेला नव्हता. पीकसारखाच कायदा १९१९ मध्ये चेउंग चाऊच्या दक्षिण भागासाठी झाला आणि चांगल्या हवेचा तो तुकडा युरोपीयांसाठी राखला गेला. तोही १९४६ मध्येच उठला. लान्ताऊच्या पश्चिम टोकाचे ताय ओ पाहा. खाडीत खांबांवर उभी घरे, कधीकाळी मिठागरे, मासेमारी आणि जवळ्याचा लगदा कुटून, वाळवून, मुरवून केलेली चटणी. जुलै २००० च्या आगीत त्यातली बरीच घरे जळाली. २०१२ च्या शेवटी हाँगकाँगच्या पाण्यात ट्रॉलरने मासेमारी करायला बंदी आली, ती समुद्रतळ वाचवण्यासाठी आवश्यकच होती. पण स्थानिक जवळाही त्यासरशी आटला आणि चटणीला बाहेरचा माल घ्यावा लागतो. तरुण शहरात गेले. सुट्टीच्या दिवशी गावात रहिवाशांपेक्षा पाहुणे जास्त असतात, आणि कॅमेरे घरांच्या दारांपर्यंत जातात.

उत्साही : ताय ओचे तरुण पाहुण्यांमुळे गेलेले नाहीत, ते आधीच गेले होते, आणि आता काहींना परत यायला निमित्त मिळते ते पाहुण्यांच्या खरेदीमुळे. त्या चटणीचे पिंप आज विकले जाते ते बोटीने आणि बसने येणाऱ्यांना. तिथल्या ड्रॅगन बोटींच्या जलयात्रेला राष्ट्रीय अमूर्त वारशात स्थान मिळाले, तेही लक्ष गेल्यामुळेच. आणि बेटे कोणी पाहत नसताना त्यांचे काय होते याचे उदाहरण लान्ताऊशेजारीच आहे. चेक लाप कोक हे बेट सपाट करून, भोवती भराव घालून त्यावर १९९८ मध्ये विमानतळ सुरू झाला. बेटावरची गावे उठली, मंदिर लान्ताऊवर हलवले गेले. त्या वेळी फार थोड्यांना त्या बेटाचे नाव ठाऊक होते. याउलट २०१८ मध्ये लान्ताऊच्या पूर्वेला समुद्रात भराव घालून कृत्रिम बेटे उभारण्याची घोषणा झाली, पहिल्या टप्प्यात काऊ यी चाऊभोवती सुमारे १,००० हेक्टर, तेव्हा रस्त्यावर माणसे उतरली. खर्च, गाळ, मासे, पांढरे डॉल्फिन यांची चर्चा घरोघर झाली, आणि योजना नंतर लांबणीवर पडली. पेंग चाऊ आणि चेउंग चाऊला सुट्टीच्या दिवशी जाणाऱ्यांना तो समुद्र ओळखीचा होता.

साशंक : भराव थांबवणे सोपे वाटते, पण त्याची दुसरी बाजू आहे. ती कृत्रिम बेटे लाखो लोकांच्या घरांसाठी प्रस्तावित होती, आणि शाम शुई पोच्या तोडलेल्या सदनिकेत राहणाऱ्याला मोकळा समुद्र हा युक्तिवाद पटेलच असे नाही. बेटाची शांतता जपा म्हणणारा बहुधा चांगल्या घरातून बोटीवर चढलेला असतो. हाँगकाँगमध्ये बेटे आणि वस्त्या एकाच ताळेबंदाच्या दोन बाजू आहेत. एकीकडे जागा राखली की दुसरीकडे दाटी वाढते. एक बाजू पाहून प्रेमात पडणे म्हणजे दुसरीचा हिशेब कोणी दुसऱ्याने करावा असे मानणे होय.

उत्साही : हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, आणि त्यातूनच पाहण्याची योग्य रीत निघते : वस्ती आणि बेट जोडीने पाहावे. साय कुंगहून लहान होडीने थोडक्या वेळात यिम तिन त्साय हे छोटे बेट गाठता येते. चान आडनावाच्या हाक्का कुटुंबांनी सुमारे तीनशे वर्षांपूर्वी ते वसवले आणि मिठागरे बांधली. एकोणिसाव्या शतकात गाव कॅथलिक झाले. १८९० मध्ये बांधलेले सेंट जोसेफ चॅपेल आजही उभे आहे. तिथे काम केलेले धर्मोपदेशक योसेफ फ्रायनाडेमेट्झ यांना २००३ मध्ये संतपद मिळाले. युद्धानंतर शेती आणि मीठ दोन्ही परवडेनासे झाले, लोक शहरात आणि ब्रिटनला गेले, आणि १९९० च्या दशकात गाव पूर्ण ओस पडले. मग बाहेर गेलेल्या वंशजांनीच चॅपेल दुरुस्त केले. त्याला २००५ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. पुढे मिठागरेही पुन्हा भरली आणि त्यांनाही २०१५ मध्ये पुरस्कार मिळाला. इथे ना दर चढले, ना कोणाला हलवावे लागले. बाहेरच्याला वाट दाखवणारे बहुधा त्या कुटुंबांतलेच असतात. जुनी वस्ती आणि पाहुणा यांचे इतके न्याय्य नाते दुसरीकडे क्वचितच दिसेल.

साशंक : न्याय्य आहे, कारण तिथे कोणी राहत नाही. घरे पडकी आहेत, शाळा बंद आहे. माणसे सकाळी येतात आणि शेवटच्या होडीने परततात. रोजचे जगणे नसलेल्या गावाला जिवंत म्हणायचे का, हा प्रश्न तिथे टाळता येत नाही. तरी एक गोष्ट या सगळ्या उदाहरणांतून स्पष्ट होते. लोकांचे लक्ष ली तुंग स्ट्रीटकडेही होते आणि निळ्या घराकडेही. परिणाम उलट झाले. फरक लक्षाचा नव्हता, तर राहण्याच्या हक्काचा होता. जिथे रहिवाशांचा राहण्याचा हक्क आधी पक्का झाला आणि मग प्रसिद्धी आली, तिथे प्रसिद्धी त्यांच्या उपयोगी पडली. जिथे हक्क नव्हता तिथे तीच प्रसिद्धी त्यांच्यावर उलटली. यिम तिन त्सायमध्ये जमीन कुळाकडे होती, म्हणून जतनाचा निर्णयही कुळाने घेतला.

उत्साही : मग पाहणाऱ्याने प्रत्येक ठिकाणी विचारावे असे तीन प्रश्न ठरतात : इथे पूर्वी कोण राहत होते, आज राहणाऱ्यांचा हक्क कशावर उभा आहे, आणि पाहुण्याने खर्चलेला पैसा कोणाच्या हाती जातो. हे प्रश्न घेऊन हिंडणारा माणूस दृश्य टिपून निघून जात नाही. तो त्या शहराच्या व्यवहाराचा साक्षीदार होतो. साक्षीदार असणे पुरेसे नसेल, पण साक्षीदारांशिवाय हक्काची मागणी उभी राहत नाही.

साशंक : प्रश्न योग्य आहेत. मात्र दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शहरभर सारखे नाही, आणि तिथेच मतभेद उरतो. भाडेपट्ट्याच्या मुलखातल्या मान्यताप्राप्त गावांत १८९८ पासूनच्या रहिवाशांच्या पुरुष वंशजाला आयुष्यात एकदा तीन मजली छोटे घर बांधण्याचा हक्क १९७२ च्या धोरणाने दिला. शाम शुई पोच्या भाडेकरूला, तो तिथे जन्मला असला तरी, असा कोणताही हक्क नाही. वंशाने आलेला हक्क गाव राखतो, पण बाहेरच्याला आणि गावातल्या मुलींनाही वगळतो. गरजेने आलेला हक्क मान्य केला तर गावे आणि बेटे बांधकामाला मोकळी करावी लागतील, आणि ज्या वेगळेपणाची ही सारी चर्चा आहे ते त्यात टिकेलच असे नाही.

उत्साही : गरजेच्या हक्काला जागा देतानाही वेगळेपण पार मोडावे लागत नाही, असे निळे घर सुचवते, पण ते एक घर आहे, शहर नव्हे. राहण्याचा हक्क वंशाने ठरवायचा, वास्तव्याच्या वर्षांनी की गरजेने, याचा निवाडा हाँगकाँगने अजून केलेला नाही. शेउंग वानपासून यिम तिन त्सायपर्यंतच्या प्रत्येक जागेचे पुढचे रूप त्या निवाड्यावर अवलंबून आहे.